२^६७ − १ : एका एकवीस अंकी संख्येच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

संख्या ठरली: २^६७ − १. पुढच्या सगळ्या नोंदींत तिला ‘सं’ म्हटले आहे. दशमान रूप:

१४७ ५७३ ९५२ ५८९ ६७६ ४१२ ९२७

एकवीस अंक. मोठ्या संख्या तीन-तीन अंकांच्या गटांत लिहायच्या, कारण पुढे गुणाकाराची पडताळणी याच गटांनी करायची आहे. कोटीपर्यंतच्या संख्या नेहमीप्रमाणे स्वल्पविराम देऊन. द्विमान पद्धतीत सं म्हणजे ओळीने सदुसष्ट एक, मध्ये एकही शून्य नाही. तिचे बहुतेक गुण आणि तिच्यावर होणाऱ्या बहुतेक चुका या एका गोष्टीतून निघतात.

अशी संख्या मूळ असण्यासाठी तिचा घातांक मूळ असणे ही पहिली अट. घातांक संयुक्त असेल, समजा १५, तर २^१५ − १ ला २^३ − १ आणि २^५ − १ या दोघांनी सरळ भाग जातो, पुढे पाहण्यासारखे काही उरत नाही. ६७ मूळ आहे, म्हणून प्रश्न उरतो.

मारँ मर्सेन यांनी १६४४ साली दिलेल्या यादीत २५७ पर्यंतचे असे घातांक होते की ज्यांनी मूळ संख्या मिळते: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. त्यात पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ नको होते. ६१, ८९ आणि १०७ हवे होते. ६७ ची चूक एद्वार ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवली, पण त्यांच्या पद्धतीतून अवयव मिळत नाहीत. अवयव फ्रँक नेल्सन कोल यांनी ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत मांडले. त्यामुळे उत्तर आधीपासून ठाऊक आहे. काम आहे ते प्रत्येक पद्धत स्वतंत्रपणे चालवून ती कुठे आणि का घसरते हे लिहून ठेवण्याचे.

७ जानेवारी

संख्या यंत्रात नीट उतरवणे. हे काम पाच मिनिटांचे दिसते आणि इथेच पहिला खड्डा आहे.

सं ला ६७ बिट लागतात, साध्या पूर्णांक चलात ६४ असतात. ‘१ ला ६७ घरे डावीकडे सरकव आणि १ वजा कर’ असे लिहिले की नेहमीचे प्रोसेसर सरकवण्याच्या अंकाचे फक्त शेवटचे सहा बिट पाहतात. ६७ = ६४ + ३, म्हणून प्रत्यक्षात तीनच घरे सरकतात आणि हाती येतात ८ − १ = ७. जावा भाषेत तर हा नियमच आहे. सी भाषेत असे सरकवणे नियमबाह्य आहे आणि उत्तराची कसलीच हमी नाही. वाईट हे की ७ मूळ आहे. पुढची कसोटी ‘मूळ’ असे उत्तर देते, आणि मर्सेन यांच्या यादीशी ते जुळतेसुद्धा.

दशांश चलात (डबल) ५३ बिटच अचूक राहतात. तिथे २^६७ − १ चे २^६७ होते, शेवटचा अंक ७ ऐवजी ८. स्प्रेडशीट पंधरा अंक ठेवते: १४७ ५७३ ९५२ ५८९ ६७६ ०००००० असा अर्धा आकडा दिसतो. फाइलमधून संख्या वाचतानाही ती आधी मजकूर म्हणून घ्यावी आणि मग मोठ्या पूर्णांकात बदलावी. मध्ये कुठेही दशांश चल येऊ देऊ नये.

संख्या बरोबर उतरली की नाही हे पाहण्याच्या बाक्या, कागदावर काढलेल्या:

७ ने भागून बाकी १ (२^३ ची बाकी १, ६७ ला ३ ने भागून उरतो १, म्हणून २ − १).
९ ने भागून बाकी १. अंकांची बेरीज १०९, तीही हेच सांगते.
११ ने भागून बाकी ६.
१३ ने भागून बाकी १०.

या चार बाक्या प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला तपासायच्या. एक जरी चुकली तरी प्रोग्राम तिथेच थांबला पाहिजे.

९ जानेवारी

फर्माची कसोटी: संख्या मूळ असेल तर पायाच्या ‘संख्या वजा १’ या घाताला तिने भागून १ उरतो. पाया २ घेतला. उत्तर: ‘बहुधा मूळ’. उत्तर खोटे, पण प्रोग्राम निर्दोष.

कारण: २^६७ = सं + १, म्हणजे सं ने भागता २^६७ ची बाकी १. कसोटी २^(सं − १) ची बाकी विचारते. सं − १ = २^६७ − २, आणि ६७ मूळ असल्याने फर्माच्याच प्रमेयाने याला ६७ ने भाग जातो; भागाकार २ २०२ ५९६ ३०७ ३०८ ६०३ १७८. म्हणजे कसोटी १ चाच मोठा घात करते आणि १ परत देते. घातांक मूळ असलेल्या या जातीच्या प्रत्येक संख्येला हे लागू आहे, ती मूळ असो वा संयुक्त.

मिलर–राबिन हे फर्माच्या कसोटीचेच कडक रूप, ती संख्या वजा १ च्या विषम भागाच्या घातापासून सुरू होते; म्हणून तीही लावली. सं − १ = २ × (२^६६ − १), त्यातला विषम भाग २^६६ − १. त्यालाही ६७ ने भाग जातो, म्हणून २ चा तो घातही पहिल्याच पायरीला १. पुन्हा ‘बहुधा मूळ’. पाया ४, ८, १६ घेऊन उपयोग नाही; ते २ चेच घात आहेत. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९ वर हे सगळे हाताने करून पाहता येते. पाया २ घेतल्यावर मिलर–राबिनला फसवणारी सर्वांत लहान संयुक्त संख्या २०४७ हीच आहे.

पाया ३ घेतला की दोन्ही ठिकाणी पडदा दूर होतो. २०४७ साठी ३^२०४६ ची ८९ ने बाकी ३४ येते, १ नव्हे. सं साठीही बाकी १ येत नाही: सं संयुक्त. २^६१ − १ त्याच पायावर कसोटीला उतरते, तिथे उतरायलाच हवी होती.

नोंद: तयार लायब्ररी मूळ-कसोटीत कोणते पाये वापरते हे पाहिल्याशिवाय तिचे उत्तर या जातीच्या संख्यांसाठी घ्यायचे नाही. एकच पाया आणि तो २ असेल, तर ती कसोटी इथे आंधळी आहे.

१२ जानेवारी

ल्युका–लेमर कसोटी. इथे ‘बहुधा’ नाही, निकाल पक्का. कृती: ४ पासून सुरुवात, प्रत्येक पायरीला वर्ग, वजा २, मग सं ने भागून बाकी. घातांक ६७ साठी ६५ पायऱ्या. शेवटी शून्य उरले तर मूळ, नाही तर संयुक्त.

पहिल्या काही किमती, जुळवून पाहण्यासाठी:

४
१४
१९४
३७,६३४
१,४१,६३,१७,९५४
२ ००५ ९५६ ५४६ ८२२ ७४६ ११४

इथपर्यंत किंमत सं पेक्षा लहान आहे, बाकी काढण्याचा प्रश्न येत नाही. पुढच्या वर्गाला सदतीस अंक होतात आणि तिथून खरी बाकी सुरू होते. म्हणजे पहिल्या पाच पायऱ्या जुळल्या तरी बाकी काढणाऱ्या भागाची परीक्षा झालेलीच नसते.

बाकी काढायला भागाकार लागत नाही. २^६७ ची बाकी १ असल्यामुळे खालचे ६७ बिट एकीकडे, वरचे उरलेले दुसरीकडे, आणि दोघांची बेरीज. नोंदींत याला ‘घडी’ म्हटले आहे. पाया २ ने काल-परवा डोळ्यांवर पट्टी बांधली, तोच गुण इथे काम हलके करतो.

पहिली आवृत्ती १२८ बिटी चलावर. २^६१ − १ : मूळ, बरोबर. २^६७ − १ : संयुक्त, बरोबर. २^८९ − १ : संयुक्त, साफ चूक, ती मूळ आहे, १९११ पासून माहीत आहे.

१३ जानेवारी

कालच्या चुकीचे मूळ: ६१ बिटी संख्येचा वर्ग १२२ बिटांत मावतो. ६७ बिटी संख्येचा १३४ बिटांपर्यंत जातो. वरचे सहा बिट गुपचूप गळतात, प्रोग्राम काही बोलत नाही. २^६४ ओलांडणाऱ्या कोणत्याही किमतीचा वर्ग १२८ बिटांत मावत नाही. ० ते सं या पल्ल्यातल्या किमतींपैकी सातअष्टमांश तशा आहेत. म्हणजे जवळजवळ प्रत्येक पायरी खराब होते. शेवटी जे उरले ते शून्य नव्हते म्हणून निकाल ‘संयुक्त’ आला. कचऱ्यातूनही शून्य सहसा येत नाही, त्यामुळे बिघडलेली ल्युका–लेमर प्रत्येक मोठ्या संख्येला संयुक्तच म्हणते. सं वरचे बरोबर उत्तर हा निव्वळ योगायोग होता. या कसोटीचा प्रोग्राम फक्त संयुक्त संख्यांवर तपासणे म्हणजे न तपासणेच.

दुरुस्ती: गुणकाचे २० बिटांचे तुकडे. उत्तर शून्यापासून सुरू करून वरच्या तुकड्याकडून खाली यायचे. दर तुकड्याला आधीच्या उत्तराला २^२० ने गुणायचे, मग संख्या × तुकडा मिळवायचा आणि घडी घालायची. २^२० ने गुणणे म्हणजे ६७ बिटांच्या वर्तुळात २० घरे फिरवणे. वरचे २० बिट खाली येऊन बसतात. संख्या × तुकडा जास्तीत जास्त ८७ बिट, भरपूर जागा. घातांक ८९ ला १०९ बिट, १०७ ला १२७ बिट. इथपर्यंत २० चे तुकडे पुरतात, त्यापुढे तुकडा लहान करावा लागेल किंवा मोठ्या पूर्णांकांची लायब्ररी घ्यावी लागेल.

१४ जानेवारी

दुरुस्त आवृत्तीत बिट गळणे थांबले, पण घातांक ३ आणि ५ च्या संख्या संयुक्त दिसू लागल्या. म्हणजे ७ आणि ३१ संयुक्त!

कारण शोधायला वेळ लागला नाही. आकडे लहान असले की हा फायदा. नव्या आवृत्तीत वजा २ घडीच्या आधी होत होते. घातांक ३: ४ चा वर्ग १६, वजा २, १४. घडी: खालचे तीन बिट ६, वरचा १, बेरीज ७. सात म्हणजे शून्याचेच दुसरे रूप, पण प्रोग्राम शून्याशी तुलना करतो. घातांक ५: शेवटी ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२; घडी ३० + १ = ३१. तेच. घडीच्या अंकगणितात शून्याला दोन रूपे असतात, सगळे शून्य आणि सगळे एक. शेवटी दोन्ही तपासायची, किंवा प्रत्येक घडीनंतर किंमत सं एवढी झाली तर तिचे शून्य करायचे. दुसरा मार्ग ठेवला. वजा २ आता घडीनंतर. घडीनंतर ० किंवा १ असेल तर आधी सं मिळवायची, नाही तर बिनचिन्ही चलात ऋण किंमत फिरून प्रचंड होते.

पायऱ्यांची संख्या चुकली तर कसे ओळखायचे: मूळ संख्येवर एक पायरी जास्त झाली तर शेवट ‘संख्या वजा २’ असतो (शून्याचा वर्ग वजा २). दोन किंवा अधिक जास्त झाल्या तर शेवट २, आणि तिथून तो २ वरच अडकतो. हे दोन आकडे दिसले की लूपची मर्यादा पाहावी, गुणाकार नव्हे.

अंतिम चाचणी: ३ ते १०७ मधले सर्व मूळ घातांक, एकूण २७. मूळ निघाल्या दहा: ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६१, ८९, १०७. बाकी १७ संयुक्त, त्यांत ६७. आता या निकालावर विसंबता येते.

१७ जानेवारी

अवयवांचा शोध. भाजक कसा असू शकतो हे आधी ठरवले, कारण सगळी बचत तिथे आहे.

समजा मूळ संख्या भ ही सं ला भागते. मग भ ने भागता २^६७ ची बाकी १. ६७ मूळ असल्याने यापेक्षा लहान घाताला बाकी १ येत नाही, म्हणून ६७ ने भ − १ ला भाग जातो. भ विषम, म्हणून भ = १३४ × क + १. शिवाय २ ची बाकी आणि २^६८ ची बाकी एकच, आणि २^६८ हा २^३४ चा वर्ग. २ ही ज्या मूळ संख्येच्या हिशेबात वर्ग ठरते, तिला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ असते. १३४ ला ८ ने भागून ६ उरतात, त्यावरून क ला ४ ने भागून बाकी ० किंवा १ हवी. अर्धे काम इथेच गेले.

भ ला ३ ने भाग जाऊ नये: क ची ३ ने बाकी १ नको. ५ ने जाऊ नये: क ची ५ ने बाकी १ नको. सगळे मिळून ६० च्या चक्रात सोळा जागा उरतात:

०, ५, ८, ९, १२, १७, २०, २४, २९, ३२, ३३, ४४, ४५, ४८, ५३, ५७

७ आणि ११ घेऊन चक्र ४६२० चे करता येते, त्यात ९६० जागा. या आकाराच्या कामाला ६० पुरे.

शोधाची हद्द: सं चे वर्गमूळ १२,१४,८०,०१,९९९ च्या किंचित पुढे, म्हणून क जास्तीत जास्त ९,०६,५६,७३१.

चक्राची ही यादी ६७ चीच आहे. तीच यादी नमुन्यासाठी २^११ − १ वर चालवली तर काहीच सापडत नाही, कारण तिथे २३ साठी क = १ आणि ८९ साठी क = ४, दोन्ही यादीबाहेर. घातांक ११ ला ३ ने भागण्याची अट वेगळी होते. यादी प्रोग्राममध्ये हाताने लिहू नये. प्रत्येक घातांकासाठी नव्याने बनवावी.

प्रत्येक भ साठी तपासणी: २^६७ ची भ ने बाकी. ६७ द्विमानात १००००११, म्हणून घातांकांची साखळी १, २, ४, ८, १६, ३३, ६७. सहा वर्ग आणि दोन दुपटी. सं ला प्रत्यक्ष भागण्याची गरजच नाही, २१ अंकी संख्या या भागात कुठे येत नाही.

नमुना चाचण्या: २^२३ − १ मध्ये ४७ (क = १) आणि १,७८,४८१ (क = ३८८०); २^२९ − १ मध्ये २३३, ११०३, २०८९ (क = ४, १९, ३६). सगळे सापडले.

१८ जानेवारी

पहिला पूर्ण फेरा: संपूर्ण हद्दीत एकही भाजक नाही. ल्युका–लेमर संयुक्त म्हणते, तेव्हा चूक शोधात आहे.

चूक अशी: वर्ग ३२ बिटी चलात होत होता. साखळीत २^१६ = ६५,५३६ येते, आणि त्याचा वर्ग बरोबर २^३२. ३२ बिटांत तो नेमका शून्य. शून्याची दुप्पट शून्य, वर्ग शून्य, बाकी कधीच १ येणार नाही. कालच्या सर्व नमुन्यांत भाजक लहान किंवा साखळीतले घात लहान होते, म्हणून ही चूक त्यांच्या नजरेतून सुटली. नमुन्यांत आता २^७१ − १ ची भर: तिचा भाजक २,२८,४७९ (क = १६०९). तिथे साखळीत २^१७ चा वर्ग ३२ बिटांबाहेर जातो आणि चूक लगेच उघडी पडते.

६४ बिटांनाही मर्यादा आहे. क = ३,२०,५१,९९५ पासून भ २^३२ च्या पुढे जातो आणि वर्ग ६४ बिटांत मावेनासा होतो. संपूर्ण हद्द तपासायची तर तिथून १२८ बिटी गुणाकार लागतो. आम्ही तो सुरुवातीपासूनच लावला. वेग थोडा कमी झाला तरी चालेल.

दुसरा फेरा: क = १४,४५,५८० ला भाजक.

अ = १९३ ७०७ ७२१

१४,४५,५८० = ६० × २४,०९३, म्हणजे चक्राचे २४,०९३ फेरे पूर्ण होताच, ३,८५,४८८ व्या तपासणीला. पूर्ण हद्दीच्या अवघ्या १.६ टक्क्यांवर. अ ला ८ ने भागून बाकी १, अटीप्रमाणेच.

साखळी हाताने पडताळली:

२^१६ : ६५,५३६
वर्ग ४,२९,४९,६७,२९६, त्यातून २२ × अ वजा, ३,३३,९७,४३४
दुप्पट, म्हणजे २^३३ : ६,६७,९४,८६८
वर्ग ४ ४६१ ५५४ ३९१ १३७ ४२४. अ ने भागाकार २,३०,३२,४०३, बाकी ९,६८,५३,८६१
दुप्पट, म्हणजे २^६७ : १९,३७,०७,७२२ = अ + १, बाकी १

कॅल्क्युलेटरवर हे करताना शेवटच्या वर्गाचे सोळा अंक पूर्ण दिसतात का ते आधी पाहावे. दहा-बारा अंकी पडद्यावर शेवटचे अंक जातात आणि बाकी चुकते.

२० जानेवारी

दुसरा अवयव भागाकाराने: ब = ७६१ ८३८ २५७ २८७. १ वजा करून १३४ ने भागले तर क = ५ ६८५ ३६० १२९, ४ ने बाकी १. ब ला ८ ने भागून बाकी ७. हीही अट पाळली जाते.

गुणाकाराची पडताळणी, अ चे तीन गट करून:

ब × १९३ = १४७ ०३४ ७८३ ६५६ ३९१
ब × ७०७ = ५३८ ६१९ ६४७ ९०१ ९०९
ब × ७२१ = ५४९ २८५ ३८३ ५०३ ९२७

पहिली ओळ दोन गट डावीकडे, दुसरी एक गट डावीकडे, तिसरी जागेवर. बेरीज १४७ ५७३ ९५२ ५८९ ६७६ ४१२ ९२७. जुळले. १९०३ च्या त्या बैठकीत फळ्यावर हेच दोन आकडे होते: एकीकडे २ चा घात वजा १, दुसरीकडे या दोन अवयवांचा गुणाकार, दोन्हींचे उत्तर एक. पडताळणी एका पानात मावते आणि शोधाला वर्षे लागतात. हा विषम तोल या संख्येइतका क्वचितच कुठे स्वच्छ दिसतो.

एखादी ओळ एका गटाने सरकली तर ९ ची कसोटी गप्प राहते, कारण १००० ला ९ ने भागून १ उरतो. ११ ची कसोटी बोलते, तिथे १००० ची बाकी उणे १ असते. अ ची ११ ने बाकी ९, ब ची ८. ७२ ची बाकी ६, सं चीही ६.

अ आणि ब स्वतः मूळ आहेत का? वेगळे काम करावे लागले नाही. अ पेक्षा लहान असे सर्व संभाव्य भाजक फेऱ्यात तपासून झाले होते, आणि अ चा कोणताही मूळ भाजक हा सं चाही भाजक असतो, म्हणून त्यालाही १३४क + १ हाच साचा लागू. तेव्हा अ मूळ. ब चे वर्गमूळ ८,७२,८३३ च्या थोडे पुढे, अ पेक्षा कितीतरी लहान. ब संयुक्त असती तर तिचा लहान भाजक आधीच सापडला असता. तेव्हा ब ही मूळ. हा युक्तिवाद फेऱ्यात एकही क सुटलेला नसेल तरच टिकतो. म्हणून फेरा समांतर तुकड्यांत वाटला असेल तर तुकड्यांच्या कडा जुळतात का हे मोजून पाहावे: एकूण तपासण्या ३,८५,४८८ झाल्याच पाहिजेत.

२२ जानेवारी

पोलार्ड यांची ‘भाजक वजा १’ पद्धत: ठरवलेल्या मर्यादेपर्यंतच्या मूळ संख्यांच्या घातांचा एक एकत्रित घातांक करायचा, पायाचा तेवढा घात घ्यायचा, १ वजा करायचा आणि सं शी मसावि काढायचा. ती चालण्यासाठी भाजकातून १ वजा केल्यावर लहान-लहान अवयव निघावे लागतात. अ आणि ब माहीत असल्याने आधी तेच पाहिले:

अ − १ = २^३ × ३^३ × ५ × ६७ × २६७७
ब − १ = २ × ३^२ × २९ × ६७ × २५५१ × ८५३९

दोन्ही या पद्धतीला सोयीच्या. तरी पाया २ घेऊन एकही अवयव मिळत नाही. २ चा क्रम, म्हणजे बाकी १ देणारा सर्वांत लहान घातांक, अ साठीही ६७ आणि ब साठीही ६७. एकत्रित घातांकात ६७ आलाच नाही तर मसावि १. ६७ आला की दोन्ही एकदम सुटतात आणि मसावि अख्खी सं. मधली अवस्थाच नाही. मर्यादा कितीही बदलली तरी उत्तर १ किंवा सं. पाया २ ने पुन्हा दगा दिला.

पाया ३, पहिली मर्यादा १००, दुसरी ३००० (या टप्प्यात त्या पल्ल्यातला एकच जास्तीचा मूळ अवयव चालतो): अ लगेच बाहेर. पहिल्या टप्प्यात ८, २७, ५, ६७ झाले, दुसऱ्यात २६७७.

पाया ३, एकच टप्पा, मर्यादा १०,०००: मसावि पुन्हा अख्खी सं! ८५३९ ही मर्यादेच्या आत आल्याने ब देखील सुटते आणि दोन्ही एकत्र येतात. मर्यादा वाढवली म्हणजे पद्धत जास्त चांगली चालेल असे नाही. उपाय: मसावि शेवटी एकदाच न काढता मध्ये-मध्ये काढायचा. मर्यादा २६७७ ओलांडून ८५३९ च्या अलीकडे असताना कधीही काढला तर अ एकटी मिळते.

२३ जानेवारी

सुटे हिशेब.

पाया २ हा एकटाच फसवा आहे का? अ − १ आणि ब − १ यांचा मसावि २ × ९ × ६७ = १२०६. त्यावरून सं ला ‘बहुधा मूळ’ म्हणणारे फर्मा कसोटीचे पाये नेमके १२०६ × १२०६ = १४,५४,४३६. सं च्या आकारापुढे हे फारच थोडे: साधारण १०^१४ मध्ये एक. स्वैर पाया निवडला असता तर कसोटी फसण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. सर्वांत सोपा आणि सर्वांत वेगवान म्हणून निवडला जाणारा पाया त्या मोजक्यांत बसला आहे.

विभाजक चार: १, अ, ब, सं. त्यांची बेरीज १४७ ५७३ ९५३ ३५१ ७०८ ३७७ ९३६. सं पेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ संख्या: १४७ ५७३ ९५१ ८२७ ६४४ ४४७ ९२०.

सं मूळ असती तर २^६६ × सं ही परिपूर्ण संख्या (सर्व विभाजकांची बेरीज स्वतःच्या दुपटीइतकी) झाली असती. ती नाही, तिच्या विभाजकांची बेरीज दुपटीपेक्षा सं × (अ + ब) एवढी जास्त भरते.

दोन वर्गांच्या वजाबाकीची फर्माची रीत इथे लावू नये. अ आणि ब एकमेकींपासून फार दूर आहेत; त्यांची सरासरी ३८१ ०१५ ९८२ ५०४, तर शोध सुरू होतो १२ १४८ ००२ ००० पासून. मध्ये सुमारे ३६,८८७ कोटी पायऱ्या. वर तीन लाख पंच्याऐंशी हजारांत काम झाले आहे.

२५ जानेवारी

तोच प्रोग्रामसंच २^७१ − १ वर. नवे चक्र: क ची ४ ने बाकी ० किंवा १, ३ ने बाकी २ नको, ५ ने बाकी २ नको. पहिला भाजक २,२८,४७९, क = १६०९.

इथे २० तारखेचा युक्तिवाद तसाच लावता येत नाही. उरलेल्या भागाचे वर्गमूळ दहा कोटींच्या वर जाते, २,२८,४७९ च्या कितीतरी पुढे, म्हणून तो भाग मूळ आहे असे म्हणता येत नाही. प्रोग्राम पहिल्या भाजकावर थांबत होता; आता तो उरलेल्या भागाचे नवे वर्गमूळ काढून क = १६०९ पासूनच पुढे जातो. क = ३,४१,८६० ला ४,८५,४४,१२१. उरले २१,२८,८५,८३३ (क = १४,९९,१९६), त्याचे वर्गमूळ १४,५९०, तपासलेल्या हद्दीच्या आत, म्हणून मूळ. तीन अवयव, गुणाकार जुळला.

क = १६०९ ला ४ ने भागून १, ३ ने १, ५ ने ४. ६७ च्या चक्रात हा क बसला नसता.